‘स्मृतिचित्रे’मधील ईश्वरनिष्ठा : उद्याची चिंता आणि भरवसा

प्रास्ताविक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासातील त्याचे स्थान वादातीत आहे. ई. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० मध्ये आणि शांता गोखले यांनी २०१७ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादांमुळे ते मराठीबाहेरील वाचकांपर्यंतही पोहोचले आहे. या ग्रंथाची चर्चा मात्र बहुतांशी ठराविक अंगांनीच होत आली. लेखिकेचा निर्मळ विनोद, बोलीचा गोडवा, निवेदनातील सहजता, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे लहरी व उदार व्यक्तिमत्त्व आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या समाजजीवनाचे दर्शन, हे विशेष समीक्षेने वारंवार नोंदवले. ग्रंथातील धार्मिक आशयाकडे मुख्यतः एका धर्मांतराची हकिकत म्हणून पाहिले गेले.

या सर्व चर्चेत एक प्रश्न काहीसा बाजूला राहिला. उद्या काय होणार हे ठाऊक नसताना देवावर न डळमळता भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, आणि असा भरवसा एकाने ठेवला असता त्याची किंमत कोण मोजते, हा तो प्रश्न होय. ‘स्मृतिचित्रे’ हा प्रश्न तात्त्विक भाषेत मांडत नाही. परंतु ग्रंथातील बहुसंख्य प्रसंग त्याच्याच भोवती फिरतात. मराठी भक्तिपरंपरेत अढळ ईश्वरनिष्ठेचे जे चित्र रूढ आहे, त्यात स्वयंपाकघराकडून दिसणारी बाजू लक्ष्मीबाईंनी प्रथमच विस्ताराने लिहिली आणि त्यामुळे ‘अढळ’ या शब्दाचा अर्थच बदलला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. भरवसा : एका शब्दाची पार्श्वभूमी

ईश्वराशी असलेल्या नात्यासाठी मराठीत श्रद्धा, निष्ठा, विश्वास आणि भरवसा हे शब्द योजले जातात. पहिल्या दोन शब्दांना ग्रंथांचे वलय आहे. भरवसा हा शब्द मात्र देण्याघेण्याच्या व्यवहारातला. सावकार कुळावर भरवसा ठेवतो, शेतकरी पावसाच्या भरवशावर पेरणी करतो. याच शब्दाविषयी ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ अशी म्हणही मराठीत आहे. ज्याच्यावर विसंबावे ते ऐनवेळी फसवते, हा अनुभव तिच्यात साठवलेला आहे. देवावरील भरवशाचा विचार करताना भाषेतील ही सावधगिरी विसरून चालत नाही.

टिळक कुटुंबाच्या संदर्भात उद्याच्या चिंतेविषयीच्या दोन धार्मिक शिकवणी महत्त्वाच्या ठरतात. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्य भक्ताचा योगक्षेम भगवंत वाहतो, असे आश्वासन आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, पाखरांचा व रानफुलांचा दृष्टान्त देऊन उद्याची चिंता न करण्याची शिकवण येते. टिळकांना ख्रिस्ती धर्माकडे ओढून नेण्यात याच प्रवचनाचा वाटा मोठा होता. तेव्हा धर्मांतरानंतर ते एका अगदी परक्या कल्पनेपाशी पोहोचले, असे म्हणता येत नाही. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे.

तुकारामांचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. १६२९ ते १६३१ च्या दुष्काळात घर, व्यापार आणि प्रिय माणसे गमावल्यानंतर तुकारामांनी विठ्ठलावर भार टाकला, ही कथा मराठी मनात खोलवर रुजलेली आहे. त्या कथेत दुसरेही पात्र आहे. घरात दाणा नसताना मुलांच्या तोंडात काय घालावे, असा प्रश्न विचारणारी त्यांची पत्नी जिजाई, अर्थात आवली. महिपतींच्या चरित्रपर ग्रंथांनी आणि पुढे १९३६ च्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. चित्रपटात गौरी यांनी साकारलेली आवली प्रेक्षकांना आपलीशी वाटली, परंतु कथेच्या रचनेत तिचे काम ठरलेले आहे. संताची निष्ठा उठून दिसावी यासाठी संसाराची ओढ तिच्याकडे सोपवली आहे. तिचा प्रश्न व्यावहारिकदृष्ट्या रास्त असतो, पण कथेच्या अखेरीस देव स्वतः धावून येतो आणि प्रश्न विचारणारी ओशाळते. तिने स्वतः लिहिलेले मात्र आपल्याकडे काहीच नाही.

ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. हा निव्वळ योगायोग आहे. तरीही, देवावर हवाला ठेवणाऱ्या पतीबरोबर संसार करणाऱ्या स्त्रीची बाजू तिच्याच शब्दांत मराठीत येऊ लागली होती, हे त्यामुळे ठळकपणे लक्षात येते.

२. टिळकांची निश्चिंतता

‘स्मृतिचित्रे’मधील टिळक हे निश्चिंत पुरुष आहेत. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नाही. कोणी गरजू भेटला की घरखर्चाची रक्कम त्याच्या हाती जाते. नोकरी सोडताना पुढच्या नोकरीचा विचार त्यांना अडवत नाही, आणि घरातून निघताना परत कधी येणार हे सांगण्याची त्यांना गरज वाटत नाही. अनाथ मुले, निराश्रित विद्यार्थी, कवी यांचा घरात सतत राबता असतो. बालकवी ठोमरे यांनाही टिळकांच्या घराचा आधार मिळाला होता.

हा स्वभाव धर्मांतराच्या आधीपासूनचा आहे, ही गोष्ट विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांच्या मधल्या काळात टिळकांच्या मनात विलक्षण झगडा चालला होता. म्हणजे धर्मविषयक निर्णयात ते डळमळले, थांबले, पुन्हा विचार करू लागले. उद्याच्या भाकरीविषयी मात्र ते कधी फारसे अडखळले नाहीत. ज्या ठिकाणी त्यांची निष्ठा कसास लागली ते ठिकाण सत्याच्या शोधाचे होते. भाकरीची कसोटी त्यांच्या वाट्याला क्वचितच आली, कारण ती घरातच दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला गेलेली असे.

या निश्चिंततेचे परिपक्व रूप १९१७ मध्ये दिसते. त्या वर्षी टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचे काम आणि त्याबरोबरचा नियमित पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला वाहून घेतले. धर्मप्रसार परकीय पगारावर अवलंबून असू नये, हिंदी ख्रिस्ती माणसाने आपल्या मातीतील संतांप्रमाणे ईश्वराच्या आधारावर उभे राहावे, हा त्यामागील विचार उदात्त होता आणि त्या काळाच्या मानाने धाडसाचाही होता. परंतु हा संन्यास गृहस्थाचा होता. भारतीय परंपरेतील संन्यासी घर मागे ठेवून जातो. टिळकांनी घर सोडले नाही, घराचे उत्पन्न सोडले. त्यामुळे पुढची अनिश्चितता एकट्या संन्याशाची न राहता साऱ्या कुटुंबाची झाली.

३. लक्ष्मीबाईंचा भरवसा : पंढरपूर ते राहुरी

या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाईंची निष्ठा तपासली असता ती टिळकांच्या निष्ठेची पडछाया नाही, हे स्पष्ट होते. पतीने धर्म बदलल्याबरोबर त्यांनी त्याचे अनुकरण केले नाही. १८९५ ते १९०० या काळातील जवळपास पाच वर्षांचा दुरावा हा त्यांच्या आत्मचरित्रातील सर्वांत कसोटीचा भाग आहे. पती जिवंत असून नसल्यासारखा, समाजाच्या दृष्टीने स्थान अनिश्चित, हाताशी लहान मुलगा आणि नातेवाइकांचा आसरा, अशी ही स्थिती होती. पुढे काय, या प्रश्नाला त्या वेळी कोणाकडेच उत्तर नव्हते.

या काळातील काही दिवस त्यांनी पंढरपुरात काढले. विठ्ठलाच्या गावी राहूनही विठ्ठलाने आपली सुटका केली, असे त्या लिहीत नाहीत. संतचरित्रात अशा ठिकाणी दृष्टान्त किंवा साक्षात्कार येतो. लक्ष्मीबाईंच्या कथनात त्या ठिकाणी बहीण येते, बहिणीचे घर येते, घरातील माणसांचे स्वभाव आणि दिवसभराची कामे येतात. दुःखाने त्या खचतात, रडतात, पुन्हा उठून कामाला लागतात. याच वियोगाच्या काळात त्यांच्या काव्यरचनेला आरंभ झाला. ज्या स्त्रीला रीतसर शिक्षण कधी मिळाले नव्हते, तिच्या मनातील कोंडी शब्दांवाटे बाहेर पडू लागली. देव संकटातून सोडवतो या कल्पनेऐवजी, संकटात असताना माणसाला दिवस पार पाडण्याचे बळ कोठून तरी मिळते, हा अनुभव येथे आकाराला येतो. त्या बळाचे नाव काय, हे सांगण्याची घाई लेखिका करत नाही.

दुरावा संपल्यानंतरही त्यांचे धर्मांतर लगेच झाले नाही. प्रारंभी त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या वातावरणात बालपण गेलेल्या स्त्रीला ते सोडणे सोपे नव्हते. राहुरी येथे राहत असताना, जातिभेद देवाने निर्माण केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा विचार त्यांच्या मनात स्वतंत्रपणे पक्का झाला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम विसरता येत नाही. आधी माणसांमधील भिंत पडली, मग देवाविषयीची भूमिका ठरली. लक्ष्मीबाईंच्या ईश्वरनिष्ठेची मुळे अशी माणसांच्या परस्परविश्वासात आहेत. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि माणसांवरचा भरवसा आटला तर देवावरच्या भरवशाला घरात जागा उरत नाही, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यक्रमातून सूचित होते.

पुढील काळात घरात येणाऱ्या अनाथ मुलांचे पोट भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडली. त्यांनी ती कुरकुरत, थट्टा करत, पण जिवापाड सांभाळली. पतीच्या उदारपणाला येथे रोजची मेहनत मिळाली. प्लेगची साथ, वारंवारची स्थलांतरे, ९ मे १९१९ रोजी झालेला टिळकांचा मृत्यू, वैधव्यातील चरितार्थाचा प्रश्न आणि नंतरचे कराचीतील वास्तव्य, या सर्व टप्प्यांवर भविष्य धूसरच राहिले. देवावर हवाला ठेवणे आणि डब्यातील पिठाचा अंदाज घेणे या दोन गोष्टी त्यांच्या जीवनात परस्परविरोधी ठरल्या नाहीत. आवलीच्या कथेत या दोन गोष्टी दोन पात्रांत विभागलेल्या होत्या. लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी त्या एकाच व्यक्तीत नांदतात.

४. कथनपद्धती आणि अनिश्चिततेचा सांभाळ

ईश्वरनिष्ठेचे हे स्वरूप ग्रंथाच्या कथनपद्धतीत उतरले आहे. धर्मांतरितांच्या साक्षी सामान्यतः एका विशिष्ट रचनेत लिहिल्या जातात. लिहिताना शेवट ठाऊक असतो. त्या शेवटाच्या प्रकाशात मागचे प्रत्येक दुःख ईश्वरी योजनेचा भाग म्हणून लावून घेतले जाते. वाचकाला तेथे आश्वासन मिळते, पण त्या त्या क्षणीची धास्ती नाहीशी होते. संतचरित्रांतही हाच प्रकार असतो. देव येणार हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते.

लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी साठी उलटल्यावर प्रसिद्ध केल्या. पुढे काय घडले हे त्यांना पूर्णपणे ज्ञात होते आणि मागे वळून सर्व घटनांना ईश्वरी संकेताचा अर्थ देणे त्यांना सहज शक्य होते. तसे त्यांनी केले नाही. प्रत्येक प्रसंग त्या त्या वेळच्या अज्ञानासह येतो. टिळक घरातून निघून गेले की ते परत येतील की नाही, हे त्या वेळच्या लक्ष्मीबाईंप्रमाणे वाचकालाही कळत नाही. ‘चित्रे’ हा शीर्षकातील शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. चित्र आपल्या चौकटीपाशी संपते. एका चित्रातून दुसऱ्या चित्राकडे जाताना लेखिका उपदेशाचा सांधा जोडत नाही.

विनोदाचे कार्यही याच संदर्भात पाहावयास हवे. समीक्षेने हा विनोद निरागस ठरवला. तो तितकासा निरागस नाही. टिळकांचा विसराळूपणा, स्वतःची फजिती, पैशांची ओढाताण हे प्रसंग हसू आणतात, पण हसताना वाचकाच्या लक्षात येते की घरात त्या दिवशी खरोखरच अडचण होती. विनोद अडचण लपवत नाही, ती सांगण्याजोगी करतो. तक्रार केली असती तर पतीवर आरोप झाला असता, आणि अडचण गाळली असती तर त्याचे संतचरित्र झाले असते. या दोन्ही टोकांपासून दूर राहण्याचे साधन लेखिकेला विनोदात सापडले. अनिश्चिततेसमोर न डळमळणे म्हणजे भीती नाकारणे नव्हे, भीतीसह घर चालू ठेवणे होय, ही जाणीव त्यांच्या शैलीतच मुरलेली आहे.

चमत्काराचा अभाव हाही या कथनाचा लक्षणीय विशेष होय. अडलेली नड येथे भागते ती नातलग, शेजारी, मिशनमधील सहकारी आणि टिळकांचे स्नेही यांच्यामुळे. काही वेळा ती भागतही नाही. टिळक दांपत्याची काही मुले लहानपणीच दगावली, तेव्हा ईश्वराच्या हेतूचे स्पष्टीकरण देणारा परिच्छेद लेखिकेने लिहिला नाही. या मौनाला अश्रद्धा म्हणता येणार नाही. देवाच्या वतीने खुलासा करण्याचा अधिकार आपला नाही, अशी ही नम्रता आहे.

५. संभाव्य आक्षेप

प्रस्तुत विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे वाचन आजच्या स्त्रीवादी दृष्टीतून जुन्या ग्रंथावर लादलेले असून त्यामुळे टिळक बेजबाबदार ठरतात. याला उत्तर ग्रंथातच आहे. लक्ष्मीबाई पतीचा संताप आणि लहरीपणा लपवत नाहीत, त्याचबरोबर त्यांची माणुसकी व प्रतिभा यांविषयीचा आदरही सोडत नाहीत. त्यांच्या लेखनाचा रोख खटला चालवण्याकडे नाही. टिळकांची निष्ठा खोटी होती असेही येथे म्हणावयाचे नाही. ती एकट्याच्या बळावर उभी नव्हती, इतकेच दाखवावयाचे आहे.

दुसरा आक्षेप असा की, घरखर्चाची काळजी वाहणे ही ईश्वरनिष्ठेतील उणीवच होय. डोंगरावरील प्रवचनाचा शब्दशः अर्थ घेतला तर हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु त्या प्रवचनातील पाखरे चारा आयता मिळेल म्हणून बसून राहत नाहीत, ती रोज भक्ष्य शोधत हिंडतात. निषेध आहे तो मनाला पोखरणाऱ्या चिंतेचा, हातातील कामाचा नव्हे. लक्ष्मीबाईंच्या जीवनात काम आहे, धास्तीही आहे, पण धास्तीने काम थांबलेले दिसत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लक्ष्मीबाईंचा भरवसा वस्तुतः टिळकांवर होता, देवावर नव्हता, असे कोणी म्हणू शकेल. टिळकांच्या मृत्यूनंतरचा काळ या आक्षेपाची कसोटी घेतो. आधार गेल्यावर तो भरवसा कोसळला नाही. टिळकांनी आरंभ करून अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि त्याचे साठाहून अधिक अध्याय स्वतः रचले. हे काव्य पूर्ण होऊन छापले जाईल की नाही, आपण ते पाहू की नाही, यांपैकी कशाचीही खात्री नसताना ओवीमागून ओवी लिहीत राहणे, हा त्यांच्या निष्ठेचा सर्वांत बोलका पुरावा मानावा लागतो. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले ते त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये.

समारोप

अढळ ईश्वरनिष्ठा म्हणजे शंका, भीती आणि हिशेब यांचा संपूर्ण अभाव, ही कल्पना मराठी मनात संतचरित्रांच्या श्रवणाने दृढ झालेली आहे. ‘स्मृतिचित्रे’ त्या कल्पनेला विरोध न करता तिच्यातील गाळलेली बाजू भरून काढते. एकाची निश्चिंतता अनेकदा दुसऱ्याच्या जागरणावर उभी असते. त्या जागरणालाही ईश्वरनिष्ठेचे नाव द्यावे लागते, हे या ग्रंथाच्या वाचनातून पटते. देवावर भार टाकणारा आणि तो भार प्रत्यक्षात उचलणारा यांना एकाच मापाने मोजल्याशिवाय भक्तीचा इतिहास पूर्ण होणार नाही.

या दृष्टीने मराठीतील संतचरित्रे, ख्रिस्ती साक्षी आणि स्त्रियांची आत्मचरित्रे यांचा एकत्रित अभ्यास होणे अगत्याचे आहे. सध्या हे तीन प्रकार अभ्यासक्रमात तीन स्वतंत्र कप्प्यांत शिकवले जातात. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले तर आवलीचा प्रश्न आणि लक्ष्मीबाईंचे उत्तर यांच्यातील नाते विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल. शिवाय उद्याची शाश्वती नसताना घर चालवणाऱ्या माणसांनी आपला भरवसा कोणत्या शब्दांत जपला, याचा शोध घेण्यास एक विश्वसनीय आधार उपलब्ध होईल.